मीठ जरा पुढं हाय

"परसादाला नावं ठेवतो का बे? परसादाला?"

मन्मथआप्पांनी हे दोनदा इचारलं. दुसऱ्यांदा इचारताना हातातलं ताट असं आपटलं की त्यातला धपाटा उडून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या नंदीला जाऊन लागला.

"मी परसादाला न्हाई म्हनलो, चटणीला म्हनलो," रुद्रेश म्हनला. "खारट हाय. लई खारट हाय. आन् आजच न्हाई, मला दात आले तवापास्नं खारट हाय."

"चटणी देवाला दाखवली का न्हाई?"

"दाखवली."

"मग ती चटणी ऱ्हायली, का परसाद झाली?"

"खारट परसाद झाली."

यावर मन्मथआप्पांनी चप्पल काढली असती, पण जेवताना माणसाच्या पायात चप्पल नसती. ती आणायला त्यांना भाईर जावं लागलं, आन् तेवढ्यात रुद्रेश शिडीवरून माळवदावर पोचला. शिडीबी वर वढून घेतली. मग बाप खालून आन् पोरगं वरून, असा बराच वेळ इचार-इनिमय झाला. नशीब एवढंच की रुद्रेशची आई, जगदेवीबाई, आडावर पाण्याला गेलत्या. त्यांच्या कानावर काईच पडलं न्हाई.

आता पोरगं उनाड होतं हे खरं. धावीत नापास झालं होतं आन् पुन्यांदा शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. पण डोळा तेज होता आन् जीभ त्याच्याहून तेज. दिसलं की बोललं. हेडमास्तराला म्हनलं होतं, सर, तुमचं भाषण मागल्याच वर्षीचं हाय, फक्त मधलं एक पान हरवलंय. त्यानं शाळा सोडली असं लोक म्हणतेत. शाळेनं हात जोडले असं म्हनलं तर जास्त खरं होईल.

पण या चटणीच्या बाबतीत असल्या तेज जिभेलाबी बरीच वर्सं पत्ता नव्हता. कारण घरात समद्यांच्या जिभा सरावल्या होत्या. जगदेवीबाई सैपाक करताना चाखत न्हाईत. देवाला दाखवायच्या आधी चाखलं की उष्टं झालं, हा त्यांच्या माहेरचा नेम. मीठ अंदाजानं पडायचं, आन् त्यांचा अंदाज म्हंजी मूठ. एकदा देवाला दाखवलं की झाला परसाद, आन् परसादाला नावं ठेवायची आपल्यात पद्धत न्हाई. पाव्हणे यायचे, चटणी खायचे, डोळे मिटायचे आन् म्हणायचे, "वा!" मग तांब्यावर तांबे पाणी प्यायचे. सबंध घाटनांदुरात या घराचं नाव झालतं, की मन्मथआप्पाच्या आडाचं पाणी लई गोड हाय.

रुद्रेशला उजेड पडला तो युसूफ वडगावच्या बाजाराला गेल्यावर. भागवत नावाच्या दोस्ताच्या घरी भाकर खायला बसला, शेंगदाण्याची चटणी तोंडात घातली आन् म्हनला, "काकू, तुमची चटणी गोड कावून हाय?"

भागवतची आई म्हनली, "गोड न्हाई रे बाबा. चटणीसारखी हाय."

येस्टीत बसून येताना रुद्रेशनं लहानपणापासून आतापर्यंतचं समदं खाणं आठवलं. आठवता आठवता त्याला तहान लागली.

*

एरवी हे चाललं असतं. ज्याचं त्याचं खारट. पण तेव्हा दिवसच तसले आलते. मन्मथआप्पाच्या किराणा दुकानात पयलं पोत्यातून माल निघायचा, आता दोरीला पुड्या लटकायल्या. शाम्पूची पुडी, लोणच्याची पुडी, दंतमंजनाची पुडी. गळ्यात टाय बांधलेला एक शेल्समन आला, धापा टाकत पाणी पिला आन् म्हनला, "शेठ, आता लोक समदं पुडीतच खाणार." मन्मथआप्पांना रातभर झोप न्हाई. सकाळी उठून म्हनले, "च्यायला, आपल्या घरात खाण हाय आन् आपण लोकाचं लोणचं इकायलाव!"

असं निघालं 'जगदेवी चटणी'चं खूळ. परळीच्या छापखान्यातून पुडीवर डकवायच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. त्याच्यावर जगदेवीबाईचा फोटो. फोटोवाल्यानं 'हसा' म्हनल्यावर त्या लाजल्या, आन् लाजल्यावर त्या रागावल्यासारख्या दिसतेत; म्हणून पुडीवरची बाई 'खा न्हाईतर बघते' अशी बघायली. पण जगदेवीबाईनी ती चिठ्ठी हळूच पदरात बांधली. आडावर एकटी असली की सोडून बघायची. तिचं नाव रेशनकार्डाभाईर पयल्यांदाच कुठं तरी छापलं होतं.

पयला मोठा माल कपिलधारच्या यात्रेत न्यायचा ठरला. कार्तिकी पुनवेला तिथं आपला समदा वाणी समाज गोळा होतो. माहेरचे, सासरचे, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. तिथं पाल ठोकायचं, पुड्या मांडायच्या आन् पुड्यांमागं जगदेवीबाई बसणार.

रुद्रेशच्या डोळ्यापुढं ते पाल उभं ऱ्हायलं. लोक पुडी फोडणार, जिभेवर ठेवणार. इकत घेतलेल्या पुडीला कुणी परसाद म्हणत न्हाई. म्हंजी लोक मोकळ्या तोंडानं बोलणार. आन् तोंड बोलायलं की समोरच आईचं तोंड, एक खरं आन् बाकीची फोटोतली.

आईला आधीच कुणी तरी सांगायला पायजे होतं. मन न दुखवता. आन् ज्यानं आजवर एका माणसाचंबी मन शाबूत ठेवलं नव्हतं, त्याच्यावरच ते आलं होतं.

*

संगमेश्वरमामा म्हनले, "त्याला शास्त्र असतंय."

संगमेश्वरमामा म्हंजी जगदेवीबाईचे धाकटे भाऊ. ते भांडी इकायच्या कंपनीचे एजंट होते, आन् कंपनीनं त्यांना लातूरला नेऊन दोन दिवस बोलायचं ट्रेनिंग दिलतं. "दोष सांगायचा तर आधी गोड बोलायचं, मधी दोष सारायचा, वरून पुन्यांदा गोड बोलायचं. त्याला सँडविच म्हणतेत."

"म्हंजी काय?"

मामांनी सँडविच आयुष्यात बघितलं नव्हतं. "खाली भाकर, मधी ठेचा, वर भाकर," ते म्हनले. "माणूस भाकर म्हणून खातो, ठेचा आपसूक पोटात जातो. आधी दुसऱ्या कुणावर तरी हात बसव, मग अक्काला सांग."

रुद्रेशनं हात बसवायला शेजारच्या छबुबाईला निवडलं. छबुबाई अंगण झाडायल्या होत्या. हा कुंपणापाशी उभा ऱ्हायला आन् पाठ केल्यासारखा म्हनला, "काकू, तुमचं अंगण लई सोच्छ असतंय. तुमचा बोका रोज आमच्या दुधात तोंड घालतोय. पण तुमी दिसायला लई देखण्या हाव."

छबुबाईच्या हातातला खराटा गळला. पन्नाशीच्या बाईला उभ्या जन्मात कुणी देखणी म्हनलं नव्हतं. त्या ज्या घरात गेल्या त्या भाईर आल्या न्हाईत. भाईर आले ते त्यांचे मालक सुंदरराव, हातात काठी घिऊन.

"काय म्हनलास बे हिला?"

"काका, तुमची काठी लई भारी हाय," रुद्रेश शास्त्राला धरून म्हनला. "तुमी समदं ऐकून घेत न्हाईत. पण तुमची तब्येत..."

पुढची भाकर ठेवायला सुंदररावांनी येळच दिला न्हाई.

चार दिवसांत मामांच्या भाकर-ठेच्यासकट गल्लीभर झालं. हे पोरगं चांगलं बोलायलं की समजायचं, मागून काई तरी येतंय. तसं आपल्याकडं चांगलं बोलणाऱ्या माणसाला लोक आधीच भितेत. तो एकतर उसनं मागतो, न्हाईतर पोरगी दाखवतो. रुद्रेशनं पिठाच्या गिरणीवाल्याला नुसतं "काय म्हणता, बरं चाललंय का?" इचारलं, तर तो हात जोडून म्हनला, "आरं बाबा, भाकर राहू दे. ठेचा सांग आन् जा!"

तरी एका सकाळी तो धीर करून चुलीपाशी बसला. जगदेवीबाई शेंगदाणे भाजायल्या होत्या.

"आई, चटणी काय झालीय गं!"

जगदेवीबाईचा उलथनं धरलेला हात थांबला. या पोरानं आजवर तिच्या सैपाकाला बरं म्हनलं नव्हतं, वाईटबी म्हनलं नव्हतं. तिचे डोळे असे चमकले की रुद्रेशचा ठेचा घशातच अडकला. आपल्याकडं खारटाला कुणी खारट म्हणत न्हाई, मानानं म्हणतेत. त्यानं तेच मानाचं वाक्य काढलं.

"फक्त... मीठ जरा पुढं हाय."

जगदेवीबाईनी चुलीपुढं बघितलं. मिठाचं गाडगं तिथंच होतं.

"मग काय मागं ठेवू का येड्या? हाताशी नको का?" असं म्हणून त्यांनी त्यातली एक मूठ उचलली आन् आनंदाच्या भरात आणखी अर्धी.

*

धुळाजी म्हनला, "तुमी वाणी लोकं समदं तोंडानं करायला बघताव. आमी तसं करत न्हाई."

धुळाजीची बकरं रोज गल्लीतून जायची. माणूस कमी बोलायचा, म्हणून रुद्रेशला त्याच्यावर भरवसा वाटला.

"मंग कसं करता?"

"लेकी बोले, सुने लागे. माझ्या बायकोला, बायडाबाईला, मी उभ्या जन्मात उणा शब्द बोललो न्हाई. जे म्हणायचं ते बकरीला म्हणतो. 'किती आळशी झालीस गं!' असं बकरीला. तिकडं चुलीवरची भाकर आपोआप फिरती. न दुखवता."

ही गोष्ट रुद्रेशला पटली. दुसऱ्या दिवशी धुळाजीची एक शेळी त्यानं अंगणात बांधून घेतली आन् आई ऐकंल असा आवाज काढला. "किती मीठ खाती गं तू! मीठ कमी कर जरा! एवढं मीठ बरं हाय का? लोकं काय म्हणतील?"

जगदेवीबाई भाईर आल्या. शेळीकडं बघितलं आन् त्यांचं काळीज हाललं. "मुक्या जिवाला कावून बोलतो रे? गाभण दिसती. तिला मीठ लागतंय!" आन् त्यांनी उखळातली मूठभर चटणी शेळीपुढं धरली. शेळीनं ती खाल्ली, थोडा इचार केला, आन् बादलीभर पाणी एका दमात पिऊन दुसऱ्या बादलीकडं बघायली.

पण खरा घोळ निराळाच झाला. कुंपणापलीकडं बायडाबाई उभी होती. धुळाजीची बायको शेळी न्यायला आलती. तिनं ते शेळीला बोलणं ऐकलं, जगदेवीबाईकडं बघितलं, रुद्रेशचं तोंड बघितलं आन् तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. म्हंजी इतकी वर्सं ती आळशी, ती तोंडाळ, ती कुठं बी तोंड घालणारी... ती बकरी नव्हती तर!

त्या सांजेला धुळाजी आपल्या घोंगड्यासकट मारुतीच्या पारावर ऱ्हायला आला. रुद्रेश समोरून गेला तर म्हनला, "तू माझं घर मोडलंस बे." तेबी त्यानं बाजूच्या कुत्र्याकडं बघून म्हनलं. सवय लागलेली.

*

शेवटी रुद्रेशनं सरकारवर हवाला टाकला. पुडी इकायची तर परवाना लागतो, परवान्याला नमुना लागतो, आन् नमुना सायेब चाखतो. सायबाला कुणाची आई नसती. तो लिहून देईल, मीठ जास्त. मग सांगितलं सरकारनं, दुखलं तर सरकारवर.

तालुक्याच्या हापिसात तीन खेपा झाल्या. पयल्या खेपंला सायेब नव्हते. दुसऱ्या खेपंला सायेब होते, पण शिक्का असलेलं कपाट बंद होतं, आन् किल्लीवाला लग्नाला गेलता. तिसऱ्या खेपंला बाप-लेक दोघंबी गेले. सायबांनी पुडी फोडली. बोटानं चिमूट उचलली.

तेवढ्यात मन्मथआप्पा कौतुकानं म्हनले, "सायेब, पयला घाणा हाय. देवाला दाखवून आणलाय."

सायबांनी चिमूट कपाळाला लावली. "असं व्हय! मग आधी सांगायचं." डोळे मिटून खाल्ली. जरा वेळ तसेच बसले. डोळ्याच्या कडंला पाणी आलं. शिपायाला खूण केली, शिपायानं पाणी आणलं, मग आणखी आणलं. "परसादात काय तपासायचं?" सायेब म्हनले आन् कागदावर लिहिलं, 'उत्तम. घरगुती चव.' आन् खाली शिक्का मारला.

भाईर आल्यावर रुद्रेश भडकला. "कावून बोललाव तुमी मधी? तो सांगतच होता!"

मन्मथआप्पा रस्त्याच्या कडंला लिंबाखाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला म्हाईत हाय," ते म्हनले.

"काय म्हाईत हाय?"

"खारट हाय ते. लगीन होऊन आली त्याच आठवड्यात कळलं मला. म्हनलं, नवी हाय, परसाद हाय, उद्या सांगू. उद्याला उद्या लागला. मग तू झालास. आता सांगायला गेलो तर ती काय इचारल? इचारल, इतके दिस 'वा वा' म्हनलाव ते काय होतं? चटणीचं जाऊ दे रे. मी आजवर जे जे बरं म्हनलो, त्या समद्यावर बोळा फिरंल." मग एकदम तोंड वर करून म्हनले, "तूच सांग. तुझ्या तोंडाची तिला सवय हाय."

हे ऐकून रुद्रेशला पयल्यांदाच वाटलं की ओरडू नये. आन् ओरडायचं न्हाई तर काय करायचं, हे त्याला ठावं नव्हतं.

*

यात्रा तोंडावर आली. सांगायचं काई जमलं न्हाई, म्हणून रुद्रेशनं गुपचूप हात मारायचं ठरवलं. आई देवळात गेली की तो बिनमिठाचे शेंगदाणे कुटून चटणीच्या डब्यात मिसळायचा. दोन घाणे असे निभले. त्याला वाटलं, बास, सुटलो.

त्याला हे म्हाईत नव्हतं की मन्मथआप्पा रोज पहाटं मिठाच्या गाडग्यात पांढरी पिठी कालवायलेत. त्या दोघांना हे म्हाईत नव्हतं की छबुबाई कुटायला हात लावायच्या निमित्तानं येती आन् पदरातून आणलेलं बिनमिठाचं कूट सोडून जाती. देखणी म्हनल्यापास्नं तिचा या घरावर जीव जडला होता. आन् पुड्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवायला आलेले संगमेश्वरमामासुदिक अक्काची अब्रू वाचवायला काई तरी मिसळूनच गेलते. सांगायचं धाडस एकाचंबी न्हाई. माया मातर समद्यांची. मायेपोटी समद्यांनी मिळून त्या चटणीतलं मीठ पार धुऊन काढलं.

कपिलधारला माणूस मावत नव्हतं. धबधब्याखाली लोक नाहायले, देवळातून घंटा वाजायली. पालात पुड्यांची रास, आन् राशीमागं जगदेवीबाई, नव्या इरकलीत, पाठ ताठ करून. पयली पुडी त्यांच्याच माहेरच्या सरस्वतीबाईनी घेतली. फोडली. तोंडात घातली. आन् साऱ्या यात्रंला ऐकू जाईल असं म्हनल्या,

"अगं जगदेवी, मीठच न्हाई की याच्यात! भुसा खाल्ल्यावानी लागायलंय!"

मग दुसरी पुडी, तिसरी पुडी. "अळणी हाय." "दवाखान्यातलं जेवण हाय का?" "मन्मथआप्पा, मीठ महागलं का?" इकत घेतलेल्या पुडीला लोक सोडत न्हाईत. हसत हसत पुड्या परत ठेवायले, फोटो वर करून.

मन्मथआप्पांनी रुद्रेशकडं बघितलं. रुद्रेशनं मामांकडं बघितलं. मामा धबधब्याकडं बघायले. एकमेकांच्या तोंडावरून तिघांनाबी समदं कळलं.

जगदेवीबाईनी परत आलेली एक पुडी घेतली, बोटानं कूट चोळून बघितलं. हाताला सालीचं कूट लागलं. त्या सालं काढल्याबिगर कधी कुटत न्हाईत.

"कोणी मिसळलं?"

रुद्रेश म्हनला, "मी."

"कावून?"

त्यानं मामांची भाकर आठवली, धुळाजीची बकरी आठवली. एकबी कामाची नव्हती.

"तू समद्या दुनियेला तोंडावर बोलतोस," जगदेवीबाई म्हनल्या. आवाज चढला न्हाई, त्यानंच जास्त झालं. "मास्तराला बोललास, सुंदररावाला बोललास. ह्यांनी फोटो छापायचं काढलं तवा मी न्हाई म्हणणार होते. लोकं हसली तर? मग म्हनलं, आपला रुद्र्या हाय की. वाईट असतं तर तो पयल्या घासाला बोलला असता. तू काई म्हनला न्हाईस, म्हणून मी छापू दिला."

रुद्रेशच्या मुस्काटात आजवर बापाच्या बऱ्याच बसल्या होत्या. असली एकबी बसली नव्हती.

जगदेवीबाईनी पदर खोचला. दोन-चार पुड्या परातीत रिकाम्या केल्या. शेजारच्या पालातून मीठ मागून आणलं. हात सवयीनं मुठीवर गेला आन् मूठ पडली. कालवलं. मग आजवर कधी केलं न्हाई ते केलं. देवळाकडं तोंड करून हात जोडले, "देवा, तुला मागून दाखवते," म्हनल्या, आन् चिमूटभर चटणी रुद्रेशच्या तोंडापुढं धरली.

"चाख. आन् माझ्या तोंडाकडं बघून सांग."

त्यानं चाखली. तीच ती लहानपणापास्नंची चव. आईच्या तोंडाकडं बघितलं. भाकर न्हाई, बकरी न्हाई.

"खारट हाय, आई."

"लई?"

"लई."

तिचा हात परातीतच थांबला. बोटं कुटात रुतलेली. ती जरा वेळ त्या पुडीवरच्या बाईकडं बघत बसली. मग तिथनंच, मान वर न करता म्हनली,

"पयलंबी असंच होतं?"

"...व्हय."

"कवापास्नं? ह्यांना ठावं होतं का?"

रुद्रेशनं वर बघितलं. पुड्यांच्या राशीमागं मन्मथआप्पा टोपी छातीशी धरून उभे होते. टोपीसकट दोन्ही हात जोडलेले. सुंदररावाच्या काठीपुढं जो गप्प बसला न्हाई, हेडमास्तरापुढं बसला न्हाई, त्या पोराच्या तोंडात आता खरं उत्तर आयतं तयार होतं. लगीन झाल्याच्या पयल्या आठवड्यापास्नंचं.

कुणी पाणी मागितलं नव्हतं, तरी त्यानं पालातली घागर उचलली.

"आई, मला जायला पायजे आता. लोकं पाणी मागायलेत."